घरी बांधलेल्या २४ व्होल्ट लिथियम बँकेसाठी बीएमएस निवडताना

दुकानात पहिला प्रश्न हमखास हाच निघतो: "२८० एएचच्या सेलला कुठला बीएमएस चालेल?" दुकानदारही मग हाताला येईल तो काढून देतो. बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम: सेलचं व्होल्टेज किंवा करंट हद्दीबाहेर गेला की बॅटरी तोडणारं सर्किट. खरं तर आधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात. सेलची जात कोणती, सीरीजमध्ये सेल किती, आणि इन्व्हर्टर भर लोडला किती अँपिअर ओढतो. एएचचा, म्हणजे साठवणीचा, विचार त्यानंतर.

उदाहरण म्हणून २ केव्हीए, २४ व्होल्टचा घरगुती इन्व्हर्टर घेऊ. दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून त्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपीचे, २८० एएचचे ८ सेल. एका सेलचे ३.२ व्होल्ट, आठांचे २५.६; साठा साधारण ७ युनिट. याला '८एस एलएफपी', म्हणजे सीरीजमधल्या आठ एलएफपी सेलचा, बीएमएस लागतो. एलएफपी सेलची वरची हद्द ३.६५ व्होल्ट, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या जातीच्या लिथियम सेलची ४.२. आकडे बदलता न येणारा एनएमसीचा स्वस्त बीएमएस इथे लावला, तर एलएफपी सेल ३.६५ ओलांडून फुगायला लागला तरी तो गप्प बसेल.

आता अँपिअर. लोड १६०० वॅट, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के, आणि बॅटरी उतरत आली की २४ व्होल्ट. १६०० भागिले ०.८५ भागिले २४, म्हणजे सुमारे ७८ अँपिअर. कागदावर १०० अँपिअरचा बीएमएस पुरतो, पण घ्यावा १५०चा. कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: बीएमएसचा एकूण रोध १ मिलिओहम धरला तर ५० अँपिअरला २.५ वॅट, १०० अँपिअरला १० वॅट. एवढी ऊब बंद ट्रॉलीत, विदर्भातल्या मे महिन्यात, तासभर साचत राहिली की मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे आतले स्विच, तापून बीएमएस लोड तोडतो. शिवाय फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तिथेही ही जास्तीची जागा कामी येते. मात्र सेल १०० एएचचे असतील तर १५०चा बीएमएस मूळ सेटिंगवर सोडू नका. सेल, वायर आणि लग यांत जो सगळ्यात दुबळा असेल, त्याच्या आत करंटची मर्यादा बांधायची.

बीएमएस कॉमन पोर्टचाच घ्या. आपल्या इन्व्हर्टरला चार्जिंग आणि डिस्चार्ज एकाच जोडीच्या वायरीतून होतं. चार्जिंगची वायर वेगळी असलेला सेपरेट पोर्टचा बीएमएस थोडा स्वस्त मिळतो, पण इथे तो नीट बसत नाही.

पैसे खरे घालायचे ते बॅलन्सिंगवर, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेले ठेवण्यावर. साधे बीएमएस पॅसिव्ह असतात: भरलेल्या सेलमधला जादा चार्ज छोट्या रेझिस्टरमधून जाळतात, तोही ५० ते १०० मिलिअँपिअरने. २८० एएचच्या एका सेलमध्ये २ टक्क्यांचा फरक म्हणजे ५.६ एएच. ५० मिलिअँपिअरने तो मिटायला ११२ तास लागतात. आणि हे काम चालतं फक्त सेल वरच्या टोकाला असताना, म्हणजे दिवसातून तासभर धरला तरी जवळपास पावणेचार महिने. तेवढ्यात चढलेला सेल रोज आधी ३.६५ला पोचतो, बीएमएस चार्जिंग तोडतो आणि बाकीचे सात अर्धपोटी राहतात. चार्ज न जाळता दुसऱ्या सेलमध्ये ढकलणारा १ अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर हेच काम आठवड्याभरात उरकतो. जेके कंपनीच्या बहुतेक बीएमएसमध्ये तो आतच असतो. जेबीडी कंपनीचे पॅसिव्ह बीएमएसही चांगले चालतात, पण ते १०० एएचच्या, नव्या, जुळलेल्या सेलसाठी. २८० एएचला ॲक्टिव्हच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

बॅलन्सिंग सुरू होण्याचा आकडा ३.४० ते ३.४५ व्होल्ट ठेवा. त्याखाली ठेवला की घात होतो. एलएफपी सेल २० ते ८० टक्के भरलेला असताना व्होल्टेज जवळपास हलतच नाही. तिथे दिसणारा १०-१५ मिलिव्होल्टचा फरक बहुतेक वेळा लोडमुळे पडलेला असतो. बॅलन्सर त्यालाच खरं मानून चार्ज भलत्याच सेलमध्ये ढकलतो.

कुठलाही बीएमएस घेतलात तरी सेल आधी टॉप बॅलन्स करा, म्हणजे सगळे पूर्ण भरून एका पातळीला आणा. प्रथम आठही सीरीजमध्ये जोडून, बीएमएस लावून, पूर्ण चार्ज करा. मग सोडवून सगळे पॅरलल जोडा, बेंच सप्लाय जोडण्याआधीच ३.६५ व्होल्टवर लावून घ्या आणि करंट अगदी नगण्य होईपर्यंत ठेवा. थेट पॅरललपासून सुरुवात केली तर ८ सेल मिळून २२४० एएच होतात. निम्मे रिकामे असले तरी १० अँपिअरच्या सप्लायला ११२ तास लागतील.

जोडणीत बीएमएस जळतो तो सेन्स वायरींमुळे, म्हणजे प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरींमुळे. ८एसला ९ वायरी. जाड बी-मायनस वायर पहिल्या सेलच्या निगेटिव्हला आधी जोडायची, मग बारीक वायरी क्रमाने, आणि कनेक्टर बीएमएसमध्ये सगळ्यात शेवटी. खोचण्यापूर्वी मल्टीमीटरचा काळा प्रोब पहिल्या पिनवर धरून लाल प्रोब एकेक पिन पुढे न्या. ३.३, ६.६, ९.९ अशी चढण दिसली पाहिजे. कुठे उडी ६.६ची पडली किंवा आकडा उलटा गेला, तर दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत.

एक सेल लोडवर सगळ्यात खाली आणि चार्जिंगला सगळ्यात वर दिसतो, तेव्हा लोक तो बाद समजून बदलायला निघतात. आधी त्याचे नट बघा. सैल बसबारमध्ये १ मिलिओहम जरी वाढला तरी १०० अँपिअरला ०.१ व्होल्टचा फरक पडतो, आणि बीएमएस तो सेलच्या नावावर लिहितो. बसबार काढा, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा, सेल उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने आवळा. अंदाजाने पाना मारलात तर ॲल्युमिनियमचा आटा जातो.

इन्व्हर्टरच्या सेटिंगकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजचं थांबणं इन्व्हर्टरनेच केलं पाहिजे. चार्जिंग २७.६ ते २८.० व्होल्टला थांबावं, लो कट २४ला. ट्यूब्युलर मोडमध्ये इक्वलायझेशनच्या जादा चार्जिंगला व्होल्टेज २९.२च्या वर गेलं की सेल ३.६५ ओलांडतो आणि बीएमएस मध्येच सर्किट तोडतो. त्या वेळी सोलर चार्जर चालू असेल तर बॅटरीचा आधार गेल्यामुळे लाइनचं व्होल्टेज उसळतं आणि चार्जर किंवा इन्व्हर्टर जळू शकतो. खालच्या टोकाला दुसरीच अडचण. एखादा सेल २.८ व्होल्टला उतरून बीएमएसने डिस्चार्ज तोडला की टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही, आणि बरेच साधे इन्व्हर्टर 'बॅटरीच नाही' असं समजून वीज आल्यावरही चार्ज सुरू करत नाहीत. म्हणून इन्व्हर्टरचा लो कट बीएमएसच्या कितीतरी आधी यायला हवा.

फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलला लागूनच हवा, डीसी रेटिंगचा, क्लास टी (प्रचंड शॉर्ट करंट तोडणारा प्रकार) असेल तर उत्तम. या सेलचा अंतर्गत रोध मिलिओहमच्याही अंशात असतो, त्यामुळे शॉर्टला काही हजार अँपिअर वाहतात. घरातली एसीची एमसीबी तिथे आर्क तोडू शकत नाही. तापमानाचा सेन्सर कडेच्या सेलला नको, मधल्या दोन सेलच्या फटीत बसवा. ऊब तिथे अडकते.

लोड देण्याआधी बीएमएस खरोखर तोडतो का, हे पाहून घ्या. सोलर बंद, लोड बंद, फक्त विजेवर चार्जिंग चालू. ॲपमध्ये सेलची वरची हद्द सध्याच्या व्होल्टेजच्या जरा खाली आणा, रिलीजचा, म्हणजे चार्जिंग पुन्हा सुरू होण्याचा, आकडा त्याहूनही खाली. काही सेकंदांत करंट शून्यावर आला पाहिजे. मग मूळ आकडे परत भरा, आणि ते सेव्ह झालेत का हे ॲप बंद करून, पुन्हा उघडून बघा.