टाइप केले आणि पुसले

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज दुपारच्या बैठकीत मी एक वाक्य लिहिले आणि पुसून टाकले. वाक्य अगदी साधे होते: ‘ग्राहकांच्या जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये नेण्याची चाचणी अजून एकदाही पूर्ण झालेली नाही, तेव्हा पंधरा तारखेचे रिलीज मला धोक्याचे वाटते.’ त्यात राजकारण नव्हते, धर्म नव्हता, कोणाची निंदाही नव्हती. तरीही चॅटच्या चौकटीत ते पुरते लिहून झाल्यावर एंटरवर बोट जाईना. आधी ‘धोक्याचे’ काढून ‘थोडे घाईचे’ केले, मग सगळ्यालाच प्रश्नाचे रूप दिले, आणि शेवटी सगळेच पुसले. ‘कोणाला काही शंका?’ असे व्यवस्थापकांनी विचारले तेव्हा आम्ही नऊही जण म्यूटवर होतो. ते क्षणभर थांबले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

बैठक संपल्यावर टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलाचा खासगी निरोप आला. ‘मॅडम, तुम्ही काहीतरी लिहीत होतात ना? मायग्रेशनबद्दलच का?’ कोण टाइप करीत आहे हे त्या चौकटीखाली सर्वांना दिसते, याचे भान मला राहिले नव्हते. मी त्याला उत्तरादाखल अंगठा पाठवला. पन्नाशीला टेकलेल्या, वीसहून अधिक वर्षे याच धंद्यात काढलेल्या बाईने एका चोवीस वर्षांच्या मुलाला दिलेले हे उत्तर संध्याकाळभर मला टोचत राहिले आहे.

ही सवय कधी लागली याचा विचार करू लागले की ऑगस्ट २०१७ आठवतो. तेव्हा मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत होते. गूगलमधील जेम्स डमोर या अभियंत्याने एक दहा पानी टिपण कंपनीत फिरवले होते. तंत्रज्ञान क्षेत्रात स्त्रियांची संख्या कमी असण्यामागे काही अंशी जैविक कारणे असू शकतात आणि कंपनीत या विषयावर वेगळे मत मोकळेपणी मांडता येत नाही, असा त्याचा आशय होता. ते बाहेर फुटले आणि ७ ऑगस्टला डमोरला नोकरीवरून काढण्यात आले. सुंदर पिचाई यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून टिपणातील काही भागाने आचारसंहितेचा भंग झाल्याचे सांगितले. मात्र आपले मत येथे निर्धास्तपणे मांडता येईल का, अशी शंका काही सहकाऱ्यांना वाटते आणि तेही योग्य नाही, हेही त्यांनी त्याच पत्रात नमूद केले. तीन दिवसांनी या विषयावर सर्व कर्मचाऱ्यांची सभा व्हायची होती. ती ऐन वेळी रद्द झाली, कारण कर्मचाऱ्यांनी आधी पाठवलेले प्रश्न आणि काहींची नावे बाहेर गेली होती व त्यांना त्रास दिला जाईल अशी भीती होती. मोकळेपणावर बोलण्यासाठी बोलावलेली सभा बोलणाऱ्यांच्या जपणुकीसाठी रद्द करावी लागली, ही गोष्ट मला त्या वेळी टिपणापेक्षाही बोलकी वाटली होती.

आमच्या टीममध्ये मी एकटीच स्त्री होते. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर एका सहकाऱ्याने मला विचारले, ‘तुला काय वाटते?’ ते टिपण मी दोनदा वाचले होते. स्त्रियांच्या स्वभावातील चिंतेबद्दल त्यात जे लिहिले होते ते वाचून मला संताप आला होता. पण अर्धवेळ कामाला खऱ्या अर्थाने मान मिळाला पाहिजे ही त्यातली सूचना मला पटलीही होती, कारण माझ्या दोन मैत्रिणींनी तेवढ्याच अडचणीपायी हे क्षेत्र सोडले होते. इतके सगळे सांगता आले असते. मी म्हणाले, ‘मी वाचले नाही अजून.’ त्यावर, टिपणातला तपशील नुकताच बिनचूक सांगून झालेला तो गृहस्थ म्हणाला, ‘मीही नाही वाचले.’ अळीमिळी गुपचिळी. मग २१ तारखेच्या खग्रास सूर्यग्रहणाचा विषय निघाला, ऑरेगॉनला कोण जाणार आणि ग्रहणाचे चष्मे कोठे मिळतात यावर अर्धा तास उत्साहाने बोलणे झाले. त्या टेबलावरचे एकमत तेवढ्याच विषयावर होते.

माझ्या मौनामागे तत्त्व वगैरे काही नव्हते. माझ्यामागे साठ दिवस होते. एच-१बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावरील माणसाची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ही सवलतसुद्धा त्याच वर्षीच्या जानेवारीत लागू झाली होती. ज्याच्याकडे नागरिकत्व आहे त्याची नुसती नोकरी जाते, आमचे मात्र घर, मुलीची शाळा आणि ग्रीन कार्डाची रांग असे सगळेच एकदम जाण्याची शक्यता असते. म्हणून ‘तंत्रज्ञानातील लोक बोलत का नाहीत’ या प्रश्नावर कोणी धैर्याची भाषा करू लागले की मला आधी विचारावेसे वाटते, बोलणाऱ्याचा व्हिसा कोणता?

कायद्याचा आधारही लोक समजतात तसा नाही. भाषणस्वातंत्र्य जपणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. आपल्या राज्यघटनेतले भाषणस्वातंत्र्याचे कलम १९(१)(क)ही मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्धचेच संरक्षण आहे. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी एका पोलिसाच्या दाव्यात म्हटले होते की अर्जदाराला राजकारणावर बोलण्याचा घटनात्मक हक्क असेलही, पण पोलीस असण्याचा घटनात्मक हक्क त्याला नाही. आपली म्हण हेच अधिक रोखठोक सांगते: ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. (तो निकाल सरकारी नोकराविषयीचा होता आणि पुढे अमेरिकी न्यायालयांनी त्यातली कठोरता पुष्कळ सैल केली, खासगी नोकरीतली पोळी मात्र तशीच राहिली.) तिथल्या १९३५ च्या कामगार कायद्याने एक महत्त्वाची फट ठेवली आहे: पगार आणि कामाच्या अटी यांवर सहकाऱ्यांशी बोलणे संरक्षित आहे. डमोरच्या तक्रारीवर कामगार मंडळाच्या वकिलांनी २०१८ च्या आरंभी दिलेला सल्ला याच फटीभोवती फिरतो. टिपणाचा काही भाग संरक्षित असू शकेल, परंतु स्त्रियांच्या जैविक गुणांविषयीची विधाने भेदभावाची असल्याने त्यांना संरक्षण नाही आणि काढून टाकले ते त्या विधानांसाठी, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो सल्ला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. त्याने माझी भीती मात्र कमी झाली नाही, कारण भाकरीचा प्रश्न असलेला माणूस कलमे वाचून बोलत नाही. आधी बोललेल्याचे काय झाले ते पाहून बोलतो.

आणि आधी बोललेल्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी, लैंगिक छळाचे आरोप असलेल्या वरिष्ठाला कोट्यवधी डॉलर देऊन निरोप दिल्याच्या बातमीनंतर, जगभरातील सुमारे २०,००० गूगल कर्मचारी काम थांबवून बाहेर आले. त्या निषेधाच्या आयोजकांपैकी मेरेडिथ व्हिटेकर आणि क्लेअर स्टेपलटन यांनी पुढच्याच वर्षी आपल्यावर आकस धरला जात असल्याचे जाहीरपणे सांगितले. कंपनीने ते नाकारले, आणि दोघीही वर्षअखेरीआधी बाहेर पडल्या. एप्रिल २०२१ मध्ये बेसकॅम्प या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने कार्यालयीन व्यासपीठावर सामाजिक-राजकीय चर्चा बंद केली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश लोकांनी राजीनामे दिले. त्या वादाचे मूळ ग्राहकांच्या ‘गमतीदार’ नावांच्या एका जुन्या यादीत होते आणि त्यातली कित्येक नावे आशियाई व आफ्रिकी होती. दर बैठकीत स्वतःच्या नावाचे नवे उच्चार ऐकलेल्या माझ्यासारखीला त्या यादीवर बोलणे हे राजकारण वाटत नाही. कामाचे बोलणे कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, ही रेघ आखणाऱ्याचे नाव सहसा त्या यादीत नसते.

२०१९ मध्ये पुण्याला परत आले तेव्हा वाटले, आता साठ दिवस मागे नाहीत, आता बोलू. इथे व्हिसाच्या जागी बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता आला आणि ग्रीन कार्डाच्या जागी अप्रेझल. वरिष्ठांना नावाने हाक मारतो, ‘सर’ म्हणत नाही, आणि एवढ्यावर आम्ही स्वतःला मोकळे समजतो. दर सहा महिन्यांनी निनावी सर्वेक्षण येते. त्यात विभाग, शहर, अनुभवाची वर्षे आणि लिंग विचारतात. आमच्या विभागात पुण्यात वीस वर्षांहून जास्त अनुभव असलेली स्त्री मी एकटी आहे. ‘तुम्ही मोकळेपणी मत मांडू शकता का?’ या प्रश्नाला मी गेली चार सर्वेक्षणे ‘पूर्णपणे सहमत’ असे उत्तर देते.

पूर्वी समजत होते की नाजूक विषयांवर गप्प राहायचे आणि कामाच्या बाबतीत स्पष्ट बोलायचे, असे दोन कप्पे करता येतात. आज दुपारी कळले की ते कप्पे एकमेकांत कधीच झिरपले आहेत. सूर्यग्रहणाच्या टेबलावर जे बोट थांबले तेच आज डेटाबेसवर थांबले. आणि माझ्याकडे पाहून तो चोवीस वर्षांचा मुलगा आज काय शिकला, हे मला ठाऊक आहे, कारण मीही अशीच कोणाकोणाकडे पाहून शिकले.

आता अकरा वाजत आले आहेत. उद्याच्या बैठकीचे सामायिक टिपण उघडून त्यात ‘चाचणी पूर्ण झाल्याविना पंधरा तारखेला रिलीज करू नये’ ही ओळ माझ्या नावानिशी लिहिली आहे. पुसली तरी ती टिपणाच्या इतिहासात राहते, हे माहीत असूनच तिथे लिहिली. ओळीखाली आता त्या मुलाचे नाव दिसते आहे. तो काहीतरी टाइप करीत होता, थांबला, पुन्हा करू लागला आहे.