पाणी बघायला

"वढू नगा, रगात थांबायचं न्हाई!" म्हणत आजींनी चंचीतली चिमूटभर तंबाखू माझ्या पोटरीवरच्या जळवेवर चोळली. जळू गळून पडली. रक्त कुठलं थांबतंय!

साताऱ्याजवळच्या केळवलीच्या धबधब्याची वाट. चिखल, धुकं, आणि आता ही.

"एवढ्या लांबनं काय बघाय येता?"

"पाणी," मी म्हणालो.

आजी हसल्या. "मग चैतात या की. आमीबी तवा पाणीच बघत बसतो. झऱ्याला वाटी लावून."

परतताना उरमोडी धरण तुडुंब दिसलं. त्याचं पाणी उपसून पार दुष्काळी माण-खटावपर्यंत नेतात.

मोबाईलमध्ये धबधब्याचे शंभरेक फोटो आहेत. आजींनी बोटानं दाखवलेल्या झऱ्याचा एकही नाही. गवतात तो मला नीट दिसलाही नव्हता.

चैत्रात जाईन का? खरं सांगू?