पेपर चांगला गेला होता, मग विषय राहिला कसा?

विद्यापीठाचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस एकच प्रश्न येत राहतो. 'पेपर चांगला गेला होता, तरी विषय राहिला. रिव्हॅल टाकू का?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: रिव्हॅल, म्हणजे उत्तरपत्रिका नव्याने तपासून घ्यायचा अर्ज, लगेच टाकू नका. आधी मार्कशीट नीट वाचा, मग उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा आणि ती पाहून रिव्हॅलचं ठरवा. बहुतेकजण चिडून थेट रिव्हॅलची फी भरतात, आणि चूक असते भलत्याच ठिकाणी.

मार्कशीट वाचा म्हणजे नुसता 'नापास' हा शब्द वाचून थांबू नका. पेपर दिलेला असताना 'गैरहजर' आलंय का? इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजने द्यायच्या अंतर्गत गुणांच्या, रकान्यात शून्य किंवा रेघ आहे का? निकाल 'राखीव' दाखवतोय का? यातल्या कशालाही रिव्हॅल हा इलाज नाही. गैरहजर लागतो तो बहुधा बैठक क्रमांक किंवा बारकोड चुकीचा नोंदला गेल्यामुळे. त्यावर पुरावा एकच: परीक्षेच्या वेळी वर्गात फिरवतात तो हजेरी तक्ता. त्यावर तुमची सही असते आणि शेजारी उत्तरपत्रिकेचा क्रमांक. परीक्षा केंद्र असलेल्या कॉलेजात अर्ज देऊन त्या तक्त्याची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवायला लावा. इंटर्नलचे गुण कॉलेजनेच भरलेले नसतील, तर विद्यापीठात चकरा मारून काही होणार नाही; विभागप्रमुखांच्या सहीचं दुरुस्तीपत्र कॉलेजातूनच जावं लागतं. राखीव निकालामागे बरेचदा खालच्या सत्राचा राहिलेला विषय किंवा पात्रतेची कागदपत्रं असतात.

हे सगळं ठीक असेल, तर झेरॉक्स. फॉर्म विद्यार्थी लॉगिनमध्ये किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागात मिळतो. मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती परिपत्रकात छापलेली असते, मित्राच्या मेसेजवर विसंबू नका. फॉर्ममध्ये विषयाचं नाव नव्हे, विषयाचा कोड बघा. अभ्यासक्रम बदलला की नाव तेच राहतं, कोड बदलतो. जुन्या पॅटर्नचा कोड टाकला की अर्ज बाद. पैसे भरल्याची पावती लगेच उतरवून ठेवा.

प्रत हातात आली की सगळे आधी आपलं उत्तर बरोबर होतं का ते बघतात. ते शेवटी बघा. पहिल्यांदा अक्षर आपलंच आहे ना, ते बघा. हसू नका, दुसऱ्याची उत्तरपत्रिका येऊ शकते. मग पानं आणि पुरवण्या (जास्तीच्या जोडलेल्या उत्तरपत्रिका) मोजा. मग प्रत्येक उपप्रश्नाशेजारी आकडा, शून्य किंवा काट आहे का ते तपासा. काहीच खूण नसेल, तर ते उत्तर तपासलंच गेलेलं नाही. पानाच्या तळाशी सुरू केलेलं किंवा 'पुढे पाहा' लिहून पुरवणीत नेलेलं उत्तर असं हमखास सुटतं. त्यानंतर आतले आकडे आणि मुखपृष्ठावरचा तक्ता जुळवा: २(ब) चे ६ गुण आत आहेत, पण तक्त्यात उतरलेच नाहीत, असं होतं. शेवटी बेरीज. ७० गुणांच्या पेपरला ४० टक्क्यांनी २८ लागतात. २३ मिळालेत आणि हे ६ सुटलेत, तर तुम्ही पास आहात. 'कोणतेही चार सोडवा' असताना पाच लिहिले असतील, तर कोणते चार धरलेत हेही बघा.

बेरजेची किंवा नोंदीची चूक असेल, तर नुसती गुणपडताळणी, म्हणजे गुणांची नोंद आणि बेरीज पुन्हा बघणं, पुरते. उत्तर न तपासलेलं असेल, तर रिव्हॅलच्या अर्जासोबत पान क्रमांक आणि उपप्रश्न लिहून द्या. सगळं तपासलेलं आहे, बेरीजही बरोबर, फक्त 'पाचात दोनच दिले' असं वाटतंय? मग प्रत विषयाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, मित्राला नको. ते म्हणाले गुण वाढायला हवेत, तरच टाका. रिव्हॅलमध्ये गुण कमीही होऊ शकतात आणि काही ठिकाणी ते कमी झालेलेच धरतात. तुमच्या विद्यापीठाचा नियम आधी वाचा.

संगणकावर तपासणी असेल, तर पानं मोजणं आणखी महत्त्वाचं. स्कॅन करताना पुरवणी सुटली की परीक्षकाला ती दिसतच नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईने अशी ऑनस्क्रीन (संगणकावरची) तपासणी आणली, तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिका सापडेनात आणि शेवटी ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात निकाल ४५ दिवसांत लावायचं बंधन आहे, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळली.

झेरॉक्सची मुदत उलटली असेल, तर माहितीचा अधिकार आहे. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. परीक्षकाचं नाव मात्र झाकलं जातं. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर रिव्हॅलची तारीख निघून जाते, म्हणून हा पहिला रस्ता नव्हे.

कुणीच दाद देत नसेल, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत हवी. तक्रार मिळाल्यापासून समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे) अपील. पण 'गुण कमी दिले' एवढ्यावर लोकपाल रिव्हॅलचा अर्ज घेत नाहीत. निकाल बदलेल अशी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तुम्ही पान क्रमांकानिशी लिहिलेला अर्ज आणि त्याची पोच इथे उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि हो, रिव्हॅलचा निकाल येईपर्यंत थांबून एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, परीक्षा फॉर्म सोडू नका. रिव्हॅल रेंगाळतं आणि फॉर्मची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. आधी तो फॉर्म भरा.