खो-खोच्या रांगेत कोणी कुणाशेजारी बसायचं

माझी आजी नळदुर्गकडची. १९४८ साली रझाकारांच्या भीतीने तिच्या घरचे निजामाची हद्द ओलांडून सोलापुरात आले. त्याच सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरकडूनच नळदुर्गावर गेली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण आजीचं घर परत गेलं नाही. सरकारी पाण्याच्या नळावर पहिले काही महिने तिला सगळ्यांच्या शेवटी उभं करायचे, हे ती म्हातारपणीही सांगायची. त्यामुळे आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे टॉवेलच्या कारखान्यांवर कामाला आलेली बिहार-झारखंडकडची कुटुंबं राहू लागली आणि त्यांच्या पोरांना 'ए भैय्या' याखेरीज कोणी हाक मारेना, तेव्हा मला ते बघवेना. ही माणसं निर्वासित नाहीत, पोटासाठी आलेली आहेत. पण नळावरच्या रांगेत शेवटी उभं राहणं दोघांनाही सारखंच.

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली, नंतर मुलांना शिकवणारी. माझ्या हातात तेवढंच होतं.

सगळ्यात आधी मैदान लागतं. एका शाळेचं मैदान संध्याकाळी रिकामं असायचं. अर्ज दिला, तर 'बाहेरची पोरं आत नकोत' असं उत्तर आलं. मग मी नीलम नगरातल्या चार पालकांच्या सह्या घेतल्या, कुलूप-किल्लीची आणि झाडलोटीची जबाबदारी लिहून दिली, तेव्हा परवानगी मिळाली. स्थानिक आयांची सही अर्जावर असणं फार उपयोगाचं ठरलं. खांब एका सुताराने मजुरी न घेता घडवले. फक्की मारून मैदान आखलं.

खरा प्रश्न पुढे होता. संघ कसे पाडायचे? वॉर्डातले एक कार्यकर्ते उत्साहाने म्हणाले, "ताई, आपली पोरं विरुद्ध त्यांची पोरं अशी मॅच लावू, बघायला गर्दी होईल, बक्षीस माझ्याकडून." मी नाही म्हटलं, आणि त्यावर ठाम राहिले. उत्तर प्रदेशात मॅट लो नावाच्या अर्थतज्ज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून अभ्यास केला होता. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. ज्यांच्या वाट्याला दुसऱ्या जातीचे लोक प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांच्यात परिणाम उलट दिसला. खेळाने माणसं जोडली जातात असं आपण सरसकट म्हणतो, पण कोण कोणाच्या बाजूने खेळतं यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून प्रत्येक संघ मिसळलेला.

या कामाला खो-खोसारखा खेळ नाही, असं माझं मत आहे. आठ जण मधल्या पट्टीवर एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला पट्टी ओलांडता येत नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जावं लागतं. म्हणजे एकट्याने पळून गडी बाद होत नाही, खो द्यावाच लागतो. मी बसवतानाच एक इथला, एक तिथला असे बसवायची. खो देणारा उठलेल्याच्या चौकोनात बसतो, त्यामुळे डाव सुरू झाला की रांग सतत बदलत राहते. कोणाची जागा कोणाची राहत नाही.

सुरुवातीला काही पोरं नुसतं ओरडायची, पाठीला हात लावायची नाहीत. का, ते मला कळत होतं, त्यांच्या घरी काय बोललं जातं तेही माहीत होतं. मी भाषण दिलं नाही, शिट्टी वाजवली. हात न लावता दिलेला खो हा फाऊल. फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेला जावं लागतं, आणि हाताशी आलेला गडी निसटतो. मग त्याच्याच संघातली पोरं त्याच्यावर ओरडायची, "हात लाव की बे!" दसऱ्यापर्यंत हा प्रश्न उरला नव्हता.

मुली यायला वेळ लागला. विडीवाल्या घरातल्या मुलींना शाळेनंतर आईच्या हाताखाली बसावं लागतं, बिहारकडच्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं. मी सांगितलं, भावंडं घेऊन या. एका विडी कामगार अक्कांनी मैदानाच्या कडेला सूप घेऊन बसायचं मान्य केलं. त्या विड्या वळत लहानग्यांवर लक्ष ठेवायच्या. त्यांचे सासरे तेलंगणातून मागावर कामाला आलेले. अक्कांना कोणी तरी विचारलं, या लोकांची पोरं तुम्ही का सांभाळता? त्या म्हणाल्या, "आमी पण आलेलेच की." जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा संध्याकाळचा सराव ओस पडतो, म्हणून त्या वर्षी सगळ्यांना एकत्रच गड्ड्यावर नेलं. अक्का पुढे, मी मागे.

चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत संघ उतरवायचं ठरलं, तेव्हा नवीन अडचण कळली. आमची निम्मी चांगली पोरं कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती. गावाकडून शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाही, असं पालकांना सांगितलं गेलं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ यात स्पष्ट आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नसला तरी अडवता येत नाही, आणि मूल वयानुसार वर्गात बसवून त्याची मागे राहिलेली तयारी करून द्यायची असते. मी कलम ४, ५ आणि १४ यांची मराठी प्रत छापून पालकांबरोबर गेले. सोबत संघातल्या इथल्या पोरांचे आईवडीलही आले, कारण त्यांना संघ हवा होता. बहुतेकांचे प्रवेश झाले. माझ्या दृष्टीने या सगळ्या धडपडीत सगळ्यात मोठं काम हेच.

खेळाने काय झालं नाही, तेही लिहिते. इराकमध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेमुळे घरं सोडावी लागलेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल संघांत सल्मा मूसा या संशोधिकेने मुस्लिम खेळाडू घातले होते. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सोबत्यांशी वागणं सुधारलं, सहा महिन्यांनंतरही ते एकत्र सराव करत होते. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचं वागणं मात्र फारसं बदललं नाही. आमच्याकडेही तसंच आहे. ज्या घरातला मुलगा झारखंडच्या पोराबरोबर एकाच डब्यातली शेंगाचटणी-भाकरी खातो, त्याच घरमालकाने परवा दुसऱ्या एका बिहारी कुटुंबाला खोली नाकारली. मला याचा फार त्रास झाला.

म्हणून आता रविवारी मोठ्यांचा खेळ सुरू केला आहे. कारखान्याची पाळी सुटली की बाप लोक येतात, घरमालकालाही बोलावलं आहे. पुढच्या रविवारी येतो म्हणाले आहेत. त्यांना मी त्याच रांगेत, एकाआड एक बसवणार आहे.