उतरल्याच्या दिवशी ऑपरेशन नाही

युगांडात मोतीबिंदूच्या शिबिराला जाणाऱ्या टीमने निघण्याआधीच ठरवून टाकावं: पहिल्या दिवशी एकही पेशंट टेबलावर घ्यायचा नाही. यजमान आग्रह करतात, आवारात माणसं ताटकळत बसलेली असतात, सर्जनचे हात शिवशिवत असतात. तरी नाही. तो दिवस तयारी तपासण्याचा.

एन्टेबी विमानतळावर यलो फिव्हरचं कार्ड लागतं. लस किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परतताना भारतातही मागतात आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

खरी गाडी अडते ती कस्टम्सपाशी. ‘डोळ्यांचे ड्रॉप्स, ४ खोकी’ एवढ्या यादीवर भागत नाही. जेनेरिक नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, नग, किंमत असं सगळं हवं. नॅशनल ड्रग अथॉरिटीची (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेची) परवानगी आणि डॉक्टरांची तिथली तात्पुरती नोंदणी आधीच झालेली असावी. एक्स्पायरीला निदान वर्षभर बाकी असलेलीच औषधं न्या. उरलीसुरली सॅम्पलं गोळा करून नेणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं. आणि ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या सगळ्या लेन्स एकाच बॅगेत भरू नका. सर्वांत जास्त लागतात त्या २० ते २२ पॉवरच्या. नेमकी तीच बॅग मागे राहिली तर शिबिर बसलं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर आधी सॉकेट बघा. तिथे ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी पिनांची सॉकेट असतात. व्होल्टेज आपल्यासारखंच, पण आपला प्लग बसत नाही. चार्जरला अ‍ॅडॉप्टर चालेल. ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, लावलात तर तापून वितळेल. त्याला वायरमनकडून तिथलाच प्लग बसवून घ्या.

ऑटोक्लेव्हची दुसरी भानगड उंचीची. ‘१५ पौंड दाबावर १२१ अंश’ हे गणित समुद्रसपाटीचं. एन्टेबी-कंपाला साधारण ११५० ते १२०० मीटरवर. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब तेवढा दाखवतो आणि इथे हवाच विरळ, म्हणून काटा १५ वर असताना आत जेमतेम ११९ अंश असतात. दर हजार फुटांना अर्धा पौंड वाढवायचा, म्हणजे सुमारे १७. अर्थात यंत्राची कमाल मर्यादा बघूनच. थर्मामीटर असेल तर त्याच्यावरच चाला. पॅकिंगवर बाहेरून लावलेल्या टेपचा रंग उष्णतेने बदलला म्हणून निर्धास्त होऊ नका, वाफ आतपर्यंत पोचली का हे दाखवणारी इंडिकेटरची पट्टी ड्रमच्या (कपडे-उपकरणं ठेवायच्या डब्याच्या) मधोमध ठेवा. ड्रम ठासून भरला की कपडा ओला निघतो, आणि ओलं पॅकिंग निर्जंतुक धरायचं नाही. दुपारी एक पूर्ण ट्रायल लोड काढाच.

मग मायक्रोस्कोप यूपीएसवर लावून सगळी यंत्रं एकदम चालू करा आणि मेन बंद करायला सांगा. जनरेटर लोड घ्यायला किती वेळ लावतो, हे डोळा उघडलेला असताना कळून उपयोग नाही.

मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू करून परतल्यावर ४ आठवडे घ्यायची. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका सोलवटते. व्हिक्टोरिया सरोवर कितीही खुणावो, पाण्यात उतरू नका, बिलहार्झिया (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमींचा आजार) आहे.

संध्याकाळी तिथल्या ऑफ्थॅल्मिक क्लिनिकल ऑफिसरसोबत (डोळ्यांच्या पेशंटना बघणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यासोबत) बसा. पट्ट्या कोण काढणार, स्टेरॉइडचे ड्रॉप्स कसे कमी करत आणायचे, डोळा लाल झाला तर पेशंटने कुठे जायचं, हे त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. पुढचे कित्येक आठवडे निभावायचंय त्याला.