‘सध्या औषध काहीच नाही’

हॉस्पिटलातली फार्मासिस्ट म्हटलं की काउंटरमागे उभं राहून पाकिटं देणारी बाई डोळ्यांसमोर येते. माझं काम वॉर्डात असतं. पेशंट दाखल झाला की तो घरी कोणती औषधं, किती, कधी आणि कशाबरोबर घेत होता याची यादी करायची आणि इथे लिहून दिलेल्या औषधांशी ती ताडून बघायची. सांगायला एवढंच, करायला चिवट. लोक लपवत नाहीत, पण औषध म्हटलं की त्यांना फक्त गोळी आठवते. डोळ्यांतले थेंब, मलमं आणि सहा महिन्यांतून एकदा कुणीतरी दंडात टोचलेली सुई, हे त्यांच्या हिशेबातच नसतं.

त्या सकाळी ऑर्थोपेडिक वॉर्डात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू होत्या. पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. खिडकीचा पडदा सारायला हात वर केला आणि पाठीतून अशी कळ गेली की तिथेच खाली बसल्या. एमआरआयमध्ये तीन मणके दबलेले दिसत होते. एक पाठीचा अगदी शेवटचा आणि दोन कमरेचे. तिन्ही ताजे. निवासी डॉक्टरांनी कॅन्सरच्या, विशेषतः मायलोमाच्या (हाडांच्या मज्जेत होणाऱ्या कॅन्सरच्या) तपासण्या आधीच पाठवल्या होत्या, आणि ते योग्यच होतं. काही न होता तीन मणके एकदम दबले तर ती शंका घ्यावीच लागते.

काकूंना कुशीवर वळायलाही दोघींची मदत लागत होती. त्यामुळे बोलणं काकांशी झालं. काका म्हणजे माझ्यासारखीला देवमाणूस. वही ठेवलेली, रेघा आखलेल्या. ब्लडप्रेशरची गोळी, थायरॉईडची गोळी, व्हिटॅमिन डी असलेलं कॅल्शियम, प्रत्येकापुढे वेळ आणि बरोबरची खूण. (थायरॉईड आणि कॅल्शियम दोन्ही एकाच वेळी, सकाळी उठल्यावर. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. तेही कागदावर टिपून ठेवलं.)

"हाडं ठिसूळ झाल्याचं कधी कुणी सांगितलं होतं का?"

"हो, मशिनवर तपासणी झाली होती ना. पण त्याचं सध्या औषध काहीच नाही. कॅल्शियम तेवढं."

"सध्या नाही. मग आधी काय होतं?"

काकांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली. सुरुवातीला आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी होती. ती सोसली नाही, छातीत जळजळ व्हायची. कशी घ्यायच्या ते विचारलं, तर रात्री झोपताना, घोटभर पाण्याबरोबर. जळजळ होणारच. ही गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम करते, आणि हे १९९६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे. ती सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चावता, न चोखता गिळायची. मग किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि पहिलं खाणं होईपर्यंत तर नाहीच. त्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, दूध, दुसरी गोळी, काही नाही. हे सोवळं विनाकारण नाही. रिकाम्या पोटीसुद्धा या गोळीतला जेमतेम पाऊण टक्का भाग रक्तात उतरतो. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलाही सुमारे ६० टक्के वाया जातो, आणि जेवणाबरोबर घेतली तर न घेतल्यासारखीच. काकूंनी ती गोळी वर्षभर घेतली होती. हाडांपर्यंत किती पोचली असेल देव जाणे, अन्ननलिकेला मात्र पुरेपूर पोचली.

म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं होतं. दर सहा महिन्यांनी एक, त्वचेखाली. त्याच्या खोक्यावरचे छोटे स्टिकर काकांनी एका पानावर ओळीने चिकटवले होते, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तारीख. डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम. मी बोट फिरवत खाली आले. सहावा स्टिकर अकरा महिन्यांपूर्वीचा होता. त्याखाली पान कोरं.

"पुढचं पाच महिन्यांपूर्वी घ्यायचं होतं. का राहिलं?"

"राहिलं नाही मॅडम, थांबवलं. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं."

फाईलच्या मागच्या कप्प्यात दाताच्या एक्स-रेच्या पाकिटाला टाचलेली चिठ्ठी होती. दाढ काढायची आहे, तोवर हाडांचं इंजेक्शन बंद ठेवावे, एवढाच मजकूर. कोणतं इंजेक्शन ते नाही, किती दिवस ते नाही. दाढ काढली, जखम भरली, त्या जागी नवीन दात बसवायचं ठरलं, तारखा पुढे गेल्या, आणि इंजेक्शन बंदच राहिलं. काकांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं.

माझा राग आहे तो ‘हाडांचं इंजेक्शन’ या मोघम नावावर. त्याखाली निदान तीन अगदी वेगळी औषधं येतात. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. ते हाडांतच मुरून बसतं, त्यामुळे त्याची तारीख काही महिने लांबली तरी आभाळ कोसळत नाही. टेरिपॅराटाइड रोज स्वतः टोचून घ्यायचं असतं, साधारण दोन वर्षांपर्यंत, आणि ते नवीन हाड बनवतं. डेनोसुमॅबचं सगळंच निराळं. हाड झिजवणाऱ्या पेशी तयार व्हायला ‘रँक लिगँड’ नावाचं एक प्रथिन लागतं. डेनोसुमॅब त्यालाच अडवतं, म्हणून झीज झपाट्याने थांबते आणि हाडांची घनता वर्षानुवर्षं वाढत राहते. पण ते हाडात साठत नाही. ही छत्री आहे, उघडी आहे तोवरच उपयोग. सहा महिने उलटले की असर ओसरतो, आणि अडवून धरलेली झीज नुसती परत येत नाही, उपचारापूर्वीपेक्षाही जोराने येते. कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ सगळी जाते, आणि मार बसतो तो आधी मणक्यांना.

हे औषध बाजारात आलं २०१० मध्ये, या उसळीचं गांभीर्य कळायला पुढे बरीच वर्षं गेली. २०१८ मध्ये मोठ्या चाचणीतल्या पेशंटांचं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. औषध चालू असताना मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण वर्षाला शंभरात १.२ होतं, थांबवल्यावर ते ७.१ झालं. औषधाऐवजी खोटं इंजेक्शन मिळालेल्या बायकांमध्येही ते थांबल्यावर हे प्रमाण जवळपास तेवढंच, खरं तर थोडं जास्तच होतं. म्हणजे संरक्षण गेलं, इतकंच म्हणता आलं असतं. फरक पुढे आहे. डेनोसुमॅब थांबवल्यावर ज्यांचे मणके मोडले, त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के जणींचे एकापेक्षा जास्त मोडले होते. खोटं इंजेक्शन थांबलेल्यांत ते प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास. काकूंचा एमआरआय आणि तो कोरा राहिलेला कागद शेजारी ठेवले की आणखी काही सांगावं लागत नव्हतं.

मी फाईल घेऊन तशीच राऊंडला गेले. मोठ्या डॉक्टरांनी स्टिकरचं पान पाहिलं, तारखा मनात मोजल्या आणि फक्त "अकरा?" एवढंच विचारलं. मग त्यांनी निवासी डॉक्टरांना मायलोमाच्या तपासण्या पूर्ण करायला सांगितल्या. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही, हे त्यांचं नेहमीचं. (त्या नंतर स्वच्छ आल्या.) एका तरुण डॉक्टरने सुचवलं की हाड बनवणारं टेरिपॅराटाइडच आता सुरू करू. वरवर पटणारी सूचना, पण डेनोसुमॅबनंतर लगेच नुसतं टेरिपॅराटाइड दिलं तर घनता आणखी घसरते, विशेषतः खुब्याच्या हाडाची. आधी झीज आवरायची, म्हणजे डेनोसुमॅबच पुन्हा द्यायचं, असं ठरलं.

तेही लगेच नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी असताना हे इंजेक्शन दिलं तर ते आणखी खाली जातं. हातापायांना मुंग्या, पेटके, आणि फारच खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसवर असलेल्या पेशंटांत हा धोका इतका मोठा निघाला की अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ च्या जानेवारीत या औषधावर सर्वात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. काकूंच्या किडन्या वयाच्या मानाने ठीक होत्या, पण कॅल्शियम अगदी काठावर आणि व्हिटॅमिन डी बरंच कमी. ते आधी भरून काढलं, कॅल्शियम पुन्हा तपासलं आणि मगच दंडात सुई गेली.

मधल्या काळात दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. त्यांना भीती होती ती जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याची. ती काल्पनिक नाही. २००३ पासून, आधी झोलेड्रोनिक ॲसिडसारख्या औषधांच्या, अशा केसेस नोंदल्या गेल्यात, पण बहुतेक कॅन्सरच्या पेशंटांत, जिथे हेच डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात. हिशेब केला तर वर्षाकाठी ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे ठिसूळ हाडांच्या, डोसच्या बारापट किंवा त्याहून जास्त. सहा महिन्यांना ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ते फार विरळ. मी त्यांना म्हटलं, दाढ काढायला हरकत नाही, फक्त वेळ साधायची. इंजेक्शनचा असर उतरत आलेला असतो तेव्हा, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास काढा, हिरडी भरू द्या आणि पुढचं इंजेक्शन द्या. गेल्या इंजेक्शनपासून सात महिन्यांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. ते म्हणाले, "ही मुदत आम्हाला कुणी सांगत नाही हो." मला ते खरं वाटलं. डेनोसुमॅब लिहून देणारा एक, टोचणारा दुसरा, दात काढणारा तिसरा, आणि तिघांना जोडणारा दुवा म्हणजे काकांची वही. त्या वहीतही इंजेक्शन नव्हतंच, ते वेगळ्या फाईलला गेलेलं.

काका मात्र खचले होते. कॉरिडॉरमध्ये मला थांबवून त्यांनी तीच तीच तारीख सांगितली. आपणच विचारायला हवं होतं, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि वहीत नवीन पान काढायला लावलं. वर औषधाचं पूर्ण नाव, खाली शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि त्याखाली पुढची. मग एक ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली: डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि बदली औषध ठरल्याशिवाय बंद करायचं नाही. हे औषध कधी सोडायचंच नाही असं नाही, पण सोडताना त्याच्या मागोमाग झोलेड्रोनिक ॲसिड किंवा अलेंड्रोनेटसारखं औषध द्यावं लागतं, नाहीतर हेच पुन्हा. म्हणजे ती आठवड्याची गोळी काकूंच्या वाट्याला परत येऊ शकते. म्हणून तिची पद्धतही लिहून घेतली, सकाळच्या पेलाभर पाण्यापासून. गोळीचा ठरलेला दिवस चुकला तर आठवल्यावर दुसऱ्या सकाळी एकच घ्यायची आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा नेहमीच्या वारी. एका दिवसात दोन कधीच नाहीत. आणखी एक खूण सांगितली: ही औषधं वर्षानुवर्षं चालू असताना मांडीत किंवा जांघेत बोथट दुखणं सुरू झालं तर ते वयावर ढकलायचं नाही, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायचा. क्वचित कुणाला मांडीच्या हाडाला आधी बारीक चीर जाते आणि मग ते मोडतं. काका लिहिताना थांबले. "मग हे औषध चांगलं की वाईट?" मी सरळ सांगितलं, की काकूंसारख्या मोडकळीला आलेल्या हाडांना त्याचा फायदा धोक्याच्या कितीतरी पट आहे.

काकू आठवड्याभराने कमरेला पट्टा लावून, वॉकर धरून चालायला लागल्या. दबलेले मणके पुन्हा उभे राहत नाहीत. उंची थोडी कमी झाली होती, आणि ते त्यांना पटत नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी मी यादी समजावून सांगत होते, थायरॉईड सकाळी, कॅल्शियम जेवणाबरोबर, इंजेक्शनची तारीख अमुक, तर त्यांनी मध्येच हात केला.

"ते सगळं हे बघतील. माझ्या दाताचं काय? खड्डा तसाच आहे."

दाताच्या डॉक्टरांशी बोलून तारीख आधीच ठरवली होती, पुढच्या इंजेक्शनच्या महिनाभर आधीची. काकांनी ती वहीत लिहिलेलीही होती. काकूंनी वही ओढून घेतली, बोट ठेवून महिने मोजले आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून पाच महिने एकाच बाजूने चावायचं."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि काकांना वॉकर जवळ आणायला सांगितला.