पुढच्या मोटरचे दीड लाख: हॅरियर ईव्हीने दापोली-गुहागर

डोंगर-समुद्राची हौस असणाऱ्यांनी चारही चाकांना ताकद देणारी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? टाटांची 75 युनिट बॅटरीची हॅरियर ईव्ही 2025 मध्ये आली. फक्त मागे मोटर असलेलं टॉप मॉडेल तेव्हा 27.49 लाखांना होतं आणि पुढेही मोटर बसवलेलं क्यूडब्ल्यूडी 28.99 लाखांना. म्हणजे पुढच्या मोटरचे दीड लाख. मे महिन्यात मित्राची क्यूडब्ल्यूडी मागून घेतली आणि ताम्हिणीतून दापोली, पुढे फेरीबोटीने गुहागर केलं. माझ्या मते हे दीड लाख कोकणात वसूल होतात, पण वाळूत नाही.

सँड मोड दिलाय म्हणून पुळणीवर गाडी घालू नका. दोन टनांहून जड धूड ओल्या वाळूत बसलं की ट्रॅक्टरवाला मागेल तेवढे मोजायचे, भरती काही थांबत नाही, आणि पोलीस केस होते ती वेगळी. शिवाय वेळास-आंजर्ले पट्ट्यात कासवं वाळूतच अंडी घालतात. गाडी रस्त्याला लावा, पुढे चप्पल हातात घेऊन चाला.

खरी परीक्षा वाडीच्या रस्त्यावर झाली. आमचा होमस्टे आगरात, खाली. रात्री वळीव कोसळला आणि सकाळी वर यायच्या चढणीवर जांभ्याचा लाल चिखल, त्यावर आंब्याचा ओला पाचोळा. एक बारकी हॅचबॅक अर्ध्यावर चाकं फिरवत अडकलेली होती. आम्ही चिखल-चाकोऱ्यांसाठीचा मड-रट्स मोड लावला, पाय हलका ठेवला. मागचं चाक क्षणभर सुटलं, तेवढ्यात पुढच्या चाकांनी ओढून घेतलं. मधे शाफ्ट नाही, दोन्ही मोटरी आपापल्या, त्यामुळे ताकद इकडची तिकडे जायला वेळच लागत नाही. उतारावर मात्र भरवसा टायरचाच, तिथे घाई नको.

दाभोळ-धोपावे फेरीला जाताना ओहोटी टाळा. पाणी खाली गेलं की जेट्टीचा शेवाळलेला भाग उघडा पडतो.

आता चार्जिंग, कारण सहलीचं वेळापत्रक तेच ठरवतं. कागदावर रेंज 622 किलोमीटर, पण कंपनी स्वतःच प्रत्यक्षात 460 ते 490 धरा म्हणते. मुक्कामी 15 अँपिअरच्या सॉकेटवर दहा तासांत तीसेक युनिट, म्हणजे चाळीस टक्के भरतात. तेवढं पुरतं, फक्त अर्थिंग हवं. पहिल्या रात्री चार्जरचा लाल दिवा काही जाईना. यजमान काका टॉर्च घेऊन परसात आले, अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी सरकवली आणि म्हणाले, "अहो, विहिरीने तळ गाठलाय, ह्याला पाणी कोण घालणार?" कोरड्या जांभ्यात अर्थिंग धरत नाही. दोन बादल्या ओतल्या, जरा वेळाने दिवा हिरवा. म्हणून खोली बुक करताना एसी आहे का विचारता तसं अर्थिंगचंही विचारा, आणि लांब एक्स्टेंशन वापरणार असाल तर जाड वायरचंच न्या. वळवात लाइट गेली तेव्हा उलट गाडीतूनच काकांचा फ्रिज आणि दोन पंखे चालवले. तंबूवाल्यांना ही सोय चार चाकांच्या ताकदीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडेल, आणि ती मिळवायला दीड लाख जादा मोजावे लागत नाहीत.

कोकणात जाताना ताम्हिणी उतरली तेव्हा बॅटरी जवळजवळ हललीच नाही, त्यावरून परतीचा हिशोब मांडू नका. एवढं वजन सहाशे मीटर वर न्यायला नुसत्या चढाचेच चार-पाच युनिट जातात, त्यात एसी आणि रविवारची गर्दी. माणगावला चाळीस टक्क्यांच्या खाली असाल तर महामार्गावरच भरून घ्या, घाटात चार्जर शोधत बसू नका.